कुत्र्याच्या अंगावरील नवी गाठ : पशुवैद्याकडे केव्हा जावे?

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात कुत्र्याचे स्थान फार जुने आहे. पिकाची आणि खळ्याची राखण, रानातील वस्तीवरचा पहारा, मेंढपाळांच्या कळपाचे रक्षण अशी अनेक कामे हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. तथापि गाय, म्हैस, बैल किंवा शेळी यांच्या प्रकृतीकडे ज्या काळजीने पाहिले जाते, ती काळजी कुत्र्याच्या वाट्याला क्वचितच येते. दुभत्या जनावराच्या कासेला सूज आली तर त्याच दिवशी दूध कमी भरते आणि मालक दवाखाना गाठतो. कुत्र्याच्या दुखण्याचे असे कोणतेही माप घरात नसते. त्यामुळे त्याच्या अंगावर एखादी गाठ उठली, तर ती घरातील कोणाच्या तरी हाताला योगायोगानेच लागते. तिच्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच की, ती दुखते काय? दुखत नसेल तर राहू द्यावी, असे बहुधा ठरते.

हा निर्णय अनेकदा चुकीचा असतो. गळू दुखते, परंतु ते योग्य उपचाराने बरे होते. याउलट कर्करोगाची गाठ सुरुवातीच्या काळात बहुधा दुखत नाही. म्हणजे दुखण्यावरून गाठीची परीक्षा करणारा मालक नेमक्या धोक्याच्या गाठीकडेच दुर्लक्ष करण्याची शक्यता अधिक असते. गाठ लहान असताना थोडक्यात होऊ शकणारा उपचार काही महिन्यांच्या विलंबाने अवघड, खर्चिक आणि कधी कधी अशक्य होऊन बसतो. म्हणूनच नवी गाठ दिसल्यावर कशासाठी थांबता येईल, किती दिवस थांबता येईल आणि कोणत्या वेळी मुळीच थांबू नये, याची माहिती कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

गाठीचे विविध प्रकार

कुत्र्याच्या अंगावर हाताला लागणारी प्रत्येक गाठ हा कर्करोग नव्हे. त्वचेवरील आणि त्वचेखालील गाठींपैकी पुष्कळशा निरुपद्रवी असतात, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. मध्यम वयाच्या आणि स्थूल कुत्र्यांत छाती, पोट किंवा बगलेजवळ चरबीची मऊ, सरकणारी गाठ येते. लोकभाषेत तिला आवाळू म्हणतात. त्वचेतील तैलग्रंथीचे तोंड बंद झाल्याने आत घट्ट द्रव्य साचून वाटाण्याएवढी पुटकुळी तयार होते. चामखीळ लहान पिलांच्या तोंडात आणि म्हाताऱ्या कुत्र्यांच्या अंगावर आढळते. दुसऱ्या कुत्र्याशी झालेल्या झुंजीत दात रुतला, किंवा काटा अथवा कुसळ अंगात शिरले, तर त्या जागी पू धरून गळू होते. कान सतत झाडणाऱ्या कुत्र्याच्या कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुग्याप्रमाणे फुगते. लस टोचलेल्या जागी लहानशी गाठ येते आणि काही आठवड्यांत विरून जाते.

तीन वर्षांच्या आतील तरुण कुत्र्यांच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर कधी कधी बटणासारखी लाल, गुळगुळीत गाठ झपाट्याने वाढते. ती दिसावयास भयंकर असली तरी बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप नाहीशी होते. पिलांच्या बेंबीजवळील मऊ फुगवटा हा पुष्कळदा अंतर्गळ असतो. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड केसांत दडलेली असताना गाठीसारखी भासते. नर कुत्र्याच्या पोटावरील स्तनाग्रे पहिल्यांदाच हाताला लागल्यामुळे मालक घाबरून दवाखान्यात आल्याची उदाहरणेही पशुवैद्यांना नवी नाहीत.

दुसऱ्या बाजूस गंभीर गाठी आहेत. त्वचेतील मास्ट पेशींचा कर्करोग, मादीच्या स्तनग्रंथींतील कर्करोग, तोंडातील आणि हाडांतील कर्करोग, तसेच लसिकाग्रंथींचा कर्करोग हे त्यांपैकी प्रमुख होत. लसिकाग्रंथी जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागील पायाच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंस असतात. त्या एकाच वेळी अनेक ठिकाणी सुजल्या तर तो केवळ त्वचेचा विकार नसतो. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही या ग्रंथी सुजतात. म्हणून अशा कुत्र्याची रक्ततपासणी आवश्यक ठरते.

डोळा आणि हात यांची मर्यादा

निरुपद्रवी आणि गंभीर अशा दोन्ही प्रकारच्या गाठी असतील तर त्या केवळ पाहून किंवा चाचपून ओळखता येतील काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. मऊ आणि सरकणारी गाठ चांगली, कठीण आणि चिकटलेली गाठ वाईट, असा एक ठोकताळा सर्वत्र प्रचलित आहे. त्यात काही तथ्य असले तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. मास्ट पेशींची गाठ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. ही गाठ कधी चरबीच्या गाठीसारखी मऊ, कधी चामखिळीसारखी, तर कधी किड्याच्या दंशाच्या गांधीसारखी दिसते. तिच्यातील पेशींमधून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते, त्यामुळे ती काही दिवस मोठी होते व पुन्हा लहान होते. गाठ ओसरत असल्याचे पाहून मालक निर्धास्त होतो आणि तेवढा काळ वाया जातो.

यासाठी पशुवैद्यकशास्त्रात जी साधी चाचणी वापरली जाते, ती सुईने पेशी काढण्याची होय. इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी घेऊन त्या काचपट्टीवर पसरतात, रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या चाचणीस बहुधा भूल द्यावी लागत नाही आणि कुत्र्याला लस टोचण्याइतकाच त्रास होतो. चरबी, पू, साधे द्रव्य आणि मास्ट पेशी यांतील फरक या चाचणीत बहुतेक वेळा स्पष्ट होतो. ज्या गाठींचा उलगडा यातून होत नाही, त्यांचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. सारांश, गाठीचे निदान बोटांनी नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाने होते.

हरभरा आणि महिना

प्रत्येक बारीक पुटकुळीसाठी तालुक्याचा दवाखाना गाठणे ग्रामीण भागातील कुटुंबास शक्य होणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. म्हणून थांबण्याची मर्यादा निश्चित असावी लागते. त्यासाठी एक सोपे परिमाण उपयोगी पडते. गाठ एक सेंटिमीटर, म्हणजे सुमारे टपोऱ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल, अथवा ती एक महिना होऊनही गेली नसेल, तर कुत्र्यास पशुवैद्याकडे नेऊन तिची तपासणी करून घ्यावी. या दोहोंपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. गाठ हरभऱ्याएवढी झाल्यावर आणखी महिना मोजत बसू नये. त्याचप्रमाणे ती बारीक आहे म्हणून महिन्यानंतरही दुर्लक्षित ठेवू नये.

गाठ यापेक्षा लहान असेल, कुत्रा खातपीत आणि हिंडतफिरत असेल, गाठीवर जखम नसेल, तरच महिनाभर तिच्यावर लक्ष ठेवण्यास हरकत नाही. मात्र या महिन्यात पुढीलपैकी कोणताही बदल दिसल्यास मुदत तेथेच संपली असे समजावे आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे : गाठ मोजण्याइतकी वाढणे, तिचा रंग किंवा आकार बदलणे, ती कमीजास्त होत राहणे, वरील केस गळून त्वचा लाल होणे किंवा फुटणे, कुत्र्याने ती सतत चाटणे वा खाजविणे, तिच्या शेजारी दुसरी गाठ येणे.

काही जागा अशा आहेत की, तेथील गाठीसाठी हरभऱ्याचे माप लावू नये. मादीच्या सडांजवळील, तोंडातील, पापणीवरील, बोटांमधील, गुदद्वाराजवळील आणि जननेंद्रियावरील गाठ कितीही लहान असली तरी पहिल्याच आठवड्यात दाखवावी. मोठ्या चणीच्या कुत्र्याच्या पायाच्या हाडावर कठीण सूज येऊन तो लंगडू लागला, तर तो मुरगळला असेल असे समजून वाट पाहणे धोक्याचे ठरते. जबड्याखालील आणि गुडघ्यामागील ग्रंथी एकदम सुजल्यास तेथेही हाच नियम लागू पडतो.

त्याच दिवशी उपचार हवा

गाठ किंवा सूज यांच्या बाबतीत काही प्रसंगी एक दिवसाचाही विलंब परवडत नाही. तोंड, मान किंवा पाय यांवर काही मिनिटांत वा तासांत सूज चढली तर सर्पदंश अथवा गांधीलमाशी, मधमाशी यांचा दंश झाल्याची शक्यता असते. शेतावरच्या कुत्र्याच्या बाबतीत सर्पदंशाचा विचार सर्वप्रथम करावा. श्वास घेण्यास त्रास होत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा कुत्रा कोसळला असेल, तर वाटेत वेळ न घालविता त्यास नजीकच्या दवाखान्यात न्यावे.

गरम, लाल आणि स्पर्श सहन न होणारी सूज, त्यासोबत ताप आणि अन्नावरची वासना उडणे ही पू धरल्याची लक्षणे होत. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते माणसाहून जास्त असल्याने केवळ हाताला अंग गरम लागले म्हणजे ताप आहे असे होत नाही. अंतर्गळाचा मऊ फुगवटा अचानक कठीण आणि दुखरा झाला आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आत आतडे अडकलेले असू शकते. व्यालेल्या मादीचे सड गरम व कठीण होऊन ती पिलांना जवळ घेईनाशी झाली, तर तिच्याबरोबर पिलांचाही जीव धोक्यात येतो. फुटलेल्या आणि रक्तस्राव न थांबणाऱ्या गाठीवर स्वच्छ कापड दाबून धरून कुत्र्यास ताबडतोब न्यावे. उघड्या गाठीत माशी बसून अळ्या पडण्यास आपल्याकडील उन्हाळ्यात व पावसाळ्यात एक-दोन दिवसही पुरेसे होतात.

गाठीची नोंद

पशुवैद्यास सर्वाधिक उपयुक्त माहिती मालकच देऊ शकतो, परंतु ती स्मरणावर सोडल्यास विश्वासार्ह राहत नाही. "पूर्वीपासून आहे" आणि "थोडी वाढली असेल" या उत्तरांतून निदानास मदत होत नाही. म्हणून गाठ प्रथम आढळली ती तारीख, तिची जागा, पट्टीने मोजलेली लांबी-रुंदी, ती मऊ की कठीण, सरकणारी की चिकटलेली, वरील त्वचेचा रंग आणि कुत्र्याचे खाणेपिणे यांची एका कागदावर नोंद करावी. दर आठवड्यास त्याच वारी पुन्हा मोजावे. गाठीशेजारी एखादे नाणे धरून भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेतले तर मागील आठवड्याशी तुलना करणे सोपे जाते. लांब केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत गाठीजवळचे थोडे केस कातरून खूण ठेवावी, म्हणजे ती पुन्हा सापडते.

महिन्यातून एकदा कुत्र्याच्या सर्व अंगावरून पद्धतशीर हात फिरविण्याची सवय लावावी. तोंडापासून प्रारंभ करून जबडा, मान, खांदे, बगला, छाती, पोट, जांघा, मागील पाय आणि शेपटीखालील भाग या क्रमाने तपासणी केली तर पाच मिनिटे पुरतात. गोचिडी, जखमा आणि कानातील घाण यांचाही त्याच वेळी उलगडा होतो. तपासताना गाठ पिळू नये. मास्ट पेशींची गाठ दाबली गेल्यास तिच्यातील द्रव्ये सुटून सूज वाढते आणि कुत्र्यास ओकाऱ्याही होऊ शकतात.

मादीच्या सडांतील गाठी

निर्बीजीकरण न झालेल्या मध्यम व उतार वयाच्या माद्यांत स्तनग्रंथींच्या गाठी विशेष प्रमाणात आढळतात. कुत्रीच्या पोटावर सामान्यतः सडांच्या पाच जोड्या असतात. त्यांपैकी मागील दोन जोड्यांत गाठी अधिक होतात. या गाठींपैकी सुमारे निम्म्या कर्करोगाच्या असतात. येथे आकाराला फार महत्त्व आहे. तीन सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या सुपारीपेक्षा लहान असताना काढलेल्या गाठींच्या बाबतीत मादी दीर्घकाळ जगण्याची शक्यता पुष्कळच जास्त असते. लिंबाएवढी होऊन फुटेपर्यंत वाट पाहिल्यास तोपर्यंत रोग फुप्फुसांत पोहोचलेला असू शकतो. त्यामुळेच शस्त्रक्रियेपूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र घेतले जाते.

लवकर केलेल्या निर्बीजीकरणामुळे या गाठींपासून संरक्षण मिळते, असे पशुवैद्यकशास्त्रात दीर्घकाळ मानले गेले आहे. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या माजापूर्वी निर्बीजीकरण झालेल्या माद्यांत हा धोका अत्यल्प असल्याचे आढळले होते. पुढे २०१२ साली झालेल्या फेरतपासणीत या विषयावरील उपलब्ध पुरावा पुरेसा भक्कम नसल्याचे मत मांडण्यात आले. तथापि निर्बीजीकरणाने गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार टळतो आणि नको असलेली पिले जन्मास येत नाहीत, याविषयी दुमत नाही. शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी हे कुत्रीची जात, वजन आणि प्रकृती पाहून पशुवैद्याने ठरवावे.

कुत्र्याकडून कुत्र्याकडे जाणारी गाठ

आपल्याकडील मोकाट आणि गावठी कुत्र्यांत एक वेगळ्याच प्रकारची गाठ आढळते. ती नर आणि मादी दोहोंच्या जननेंद्रियांवर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढते. ती लाल व ठिसूळ असते आणि तिच्यातून रक्त ठिबकते. मादीच्या बाबतीत हे रक्त माजाचे आहे, असा समज होतो आणि महिने निघून जातात. समागमाच्या वेळी आणि हुंगण्या-चाटण्यातून जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. म्हणून ही गाठ कधी कधी नाकात आणि तोंडातही होते. रशियन पशुवैद्य नोविन्स्की याने १८७६ साली ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखविली होती. जगभरातील कुत्र्यांमधील या गाठींच्या पेशी एकाच मूळ कुत्र्यापासून, हजारो वर्षांपूर्वी, निर्माण झाल्या असल्याचे २००६ नंतरच्या आनुवंशिक संशोधनाने स्पष्ट झाले आहे.

या माहितीचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. रक्त गळणारा, दुर्गंधी येणारा असा कुत्रा गावात घृणेचा विषय होतो. त्यास दगड मारून हाकलले जाते, कधी ठारही केले जाते. वस्तुतः हा कुत्र्यांमधील सर्वांत उपचारसाध्य कर्करोगांपैकी एक आहे. विन्क्रिस्टिन या औषधाची आठवड्यातून एक याप्रमाणे साधारणतः चार ते सहा इंजेक्शने शिरेतून दिल्यास बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात. हा रोग माणसास होत नाही. मात्र हे औषध शिरेबाहेर सांडल्यास तेथील मांस सडते, तसेच ते हाताळणाऱ्यासही अपायकारक असते. म्हणून ते पशुवैद्यानेच द्यावयाचे असते. एक-दोन इंजेक्शनांनंतर गाठ आटलेली पाहून उपचार अर्धवट सोडू नयेत. उपचार पूर्ण होईपर्यंत कुत्र्यास इतर कुत्र्यांपासून वेगळे बांधून ठेवावे.

दवाखान्यात जाताना आणि गेल्यावर

कुत्र्यास दवाखान्यात नेताना गळ्यात भक्कम पट्टा असावा. वेदनेने व्याकूळ झालेले शांत जनावरही चावू शकते, म्हणून तोंडास जाळी किंवा मऊ कापडी पट्टी बांधावी. मात्र त्यास ओकारी होत असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर तोंड मुळीच बांधू नये. गाठीची नोंद आणि रेबीजविरोधी लसीकरणाचा दाखला सोबत घ्यावा. ती गाठ अनोळखी कुत्र्याच्या चाव्यानंतर उठली असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण अशा वेळी गाठीपेक्षा रेबीजचा विचार अधिक निकडीचा असतो. कुत्र्याची लाळ घरातील कोणाच्या जखमेस लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्या व्यक्तीने आरोग्य केंद्रात दाखवावे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक तपासणी होऊ शकते. पुढील सोयींची आवश्यकता भासल्यास जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयाकडे किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठविले जाते. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत. १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीविषयी विचारणा करता येते.

शस्त्रक्रियेने काढलेली गाठ फेकून देण्याची प्रथा सोडली पाहिजे. गाठ कोणत्या प्रकारची होती आणि ती मुळासकट निघाली किंवा नाही, हे त्या गाठीच्या तपासणीवरूनच कळते. त्यासाठी ती तिच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवावी लागते. पशुवैद्याने तसे सुचविल्यास मालकाने खर्चाकडे पाहून नकार देऊ नये. अहवालावरच पुढील उपचार अवलंबून असतात.

कुत्रा फार वृद्ध असेल तर गाठ तपासून काय उपयोग, असे पुष्कळांना वाटते. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. गाठ चरबीची निघाल्यास मालकाची चिंता मिटते आणि जनावराच्या मागचा त्रास टळतो. ती गंभीर निघाल्यास, शस्त्रक्रिया न करताही, वेदना कमी करणारे उपचार देऊन त्याचे अखेरचे दिवस सुसह्य करता येतात.

काय करू नये

गाठीवर बिब्बा घालणे, चुना लावणे, तापल्या लोखंडाने डागणे, घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने गाठ आवळून टाकणे असे उपाय अद्यापही काही ठिकाणी केले जातात. यामुळे कातडी जळते, जखम चिघळते आणि गाठीचे खरे स्वरूप झाकले जाऊन निदान अधिक कठीण होते. गळू समजून घरी ब्लेडने कापलेली गाठ कर्करोगाची किंवा अंतर्गळाची असू शकते. अंतर्गळ कापल्यास आतडेच फाटते.

माणसांसाठी असलेल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास देणे हाही एक सार्वत्रिक प्रमाद आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तपासणीपूर्वी दिल्यास काही कर्करोग तात्पुरते दबतात. त्यामुळे सुईच्या चाचणीत ते ओळखणे कठीण होते आणि पुढील औषधांचा गुणही कमी येतो.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

हा विषय एका कुटुंबापुरता मर्यादित नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. कुत्र्याकडून कुत्र्याकडे जाणारी गाठ, रेबीज आणि कुत्र्यांची बेसुमार वाढ या तिन्ही प्रश्नांना ही एकच उपाययोजना लागू पडते. गावात रेबीजविरोधी लसीकरणाचे शिबिर भरविले जाते तेव्हा लसीसाठी आणलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून पशुवैद्याने हात फिरवावा, अशी विनंती पंचायतीने केल्यास वेगळ्या खर्चाविना गाठींची तपासणी होऊन जाईल. नजीकच्या दवाखान्याचे ठिकाण, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर कायम लिहिलेले असावेत. गाठ असलेला मोकाट कुत्रा आढळल्यास त्यास हाकलून देण्याऐवजी दवाखान्यास कळविण्याची पद्धत पडली पाहिजे, कारण हाकललेला कुत्रा रोग घेऊन शेजारच्या गावात जातो.

शाळांमधून शिक्षकांना या कामी मोलाची मदत करता येईल. पट्टीने मोजणे, तारीख घालून नोंद ठेवणे आणि दोन नोंदींची तुलना करणे हा गणिताचा व विज्ञानाचा पाठ घरच्या कुत्र्याच्या निमित्ताने सहज शिकविता येतो. मात्र ही तपासणी घरातील मोठ्या माणसाच्या उपस्थितीतच व्हावी. अनोळखी, खाणाऱ्या, आजारी किंवा पिले असलेल्या कुत्र्यास हात लावू नये, आणि कुत्र्याचा चावा किंवा ओरखडा कितीही किरकोळ असला तरी तो घरी सांगावा, हे मुलांच्या मनावर पुनःपुन्हा बिंबवावयास हवे.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. हरभऱ्याएवढी किंवा महिनाभर टिकलेली गाठ पशुवैद्यास दाखवावी. सडांतील, तोंडातील आणि जननेंद्रियावरील गाठ आठवड्याच्या आत दाखवावी. झपाट्याने वाढणारी, तापलेली किंवा फुटलेली गाठ त्याच दिवशी दाखवावी. दुखत नाही हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. रात्रभर जागून घराची आणि शेताची राखण करणारा हा प्राणी आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. महिन्यातून पाच मिनिटे त्याच्या अंगावरून हात फिरविणे आणि आढळलेली गाठ वेळीच दवाखान्यात दाखविणे एवढे कर्तव्य प्रत्येक मालकाने पार पाडले, तर पुष्कळ कुत्र्यांचे प्राण वाचतील.